काडी, ९७० रुपये

रविवारी रात्री जेवणं झाली की हिशेबाची वही उघडून बसायची माझी जुनी सवय आहे. कॉमर्स शिकवणाऱ्याच्या घरात एवढं तरी असायलाच हवं, असं बायको म्हणते; त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे इतक्या वर्षांत मला नीट कळलेलं नाही. त्या रविवारी मी 'गाडी' या सदराखाली लिहिलं, 'अँटेनाची काडी, ९७० रुपये', आणि खाली रेघ मारली. ओटा आवरता आवरता ती मागून वहीत डोकावली आणि म्हणाली, "आणि वाचले ते कुठे लिहिलेत?" सकाळपासून मीच येता-जाता तिला ऐकवत होतो की आज सात-आठ हजार वाचवले. मग ते वहीत नकोत का दिसायला? मी पेन धरून नुसताच बसलो. जमेला लिहावेत तर ते कुठून आलेले नाहीत, नावे टाकावेत तर कुठे गेलेले नाहीत. व्यवहार झाला तरच नोंद होते, झालाच नाही त्याची नोंद नाही, हे मी अकरावीच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतो. तिलाही तेच सांगितलं. "मग वाचले कशावरून?" असं म्हणून ती दिवा मालवून गेली.

गोष्ट एवढीच. पण ती डोक्यातून जाईना.

आमची गाडी जुनी आहे. पुण्याच्या मेव्हण्याने नवी घेतली तेव्हा त्याची आमच्याकडे आली, तीही तेव्हा काही तरुण नव्हती. जपानी बनावटीची, लांब नाकाची, गुडघे दुखणाऱ्या माणसाला जरा खालीच बसायला लावणारी सेदान. तिच्यात मला आवडायचं ते मागच्या डाव्या पत्र्यातून वर येणारं अँटेना. रेडिओचं बटण दाबलं की डिकीच्या कोपऱ्यात घर्रर्र सुरू व्हायचं आणि एकातून एक नळ्या काढत ती चकचकीत काडी उभी राहायची. बंद केला की तशीच आत. जुळे सोलापूरच्या आमच्या गल्लीतल्या पोरांना या प्रकाराचं भारी आकर्षण. "काका, वर करा की एकदा," म्हणून गाडीभोवती जमायची आणि मीही शहाण्यासारखं वर-खाली करून दाखवायचो. आताच्या गाड्यांमध्ये हे राहिलेलं नाही. काचेतच छापलेल्या तारा असतात किंवा टपावर माशाच्या पराएवढा एक उंचवटा आणि त्याच्या पोटात छोटा ॲम्प्लिफायर. वाकण्यासारखं, अडकण्यासारखं, पोरांना दाखवण्यासारखं काही नाही. नव्या गाडीत बसलेल्या माणसाला आपली गाडी रेडिओ नेमका कुठून ऐकते हे सांगताही येणार नाही.

गेल्या गणपतीत मंडपाची दोरी अडकली आणि काडी वाकली. अर्धी आत, अर्धी बाहेर. तरी रेडिओ लावला की मोटर बिचारी नेमाने प्रयत्न करायची. घर्रर्र, मग कटकटकटकट, मग थोडा वेळ गप्प. ते कटकट म्हणजे आतला क्लच घसरल्याचा आवाज. काडी अडली तर मोटर जळू नये म्हणून ती सोय असते. सोय खरी, पण ऐकणाऱ्याला ते आतून कुणीतरी दार ठोठावल्यासारखं वाटतं आणि मागचा प्रत्येक स्कूटरवाला वळून बघतो. पुढे पुढे मी रेडिओ लावणंच सोडलं.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने कॉम्प्युटरवर पार्ट शोधला. नुसती काडी मिळत नाही म्हणाला; मोटरसकट पूर्ण सेट, सात हजार आठशे, वर मजुरी, मागवायला वेळ लागेल आणि पैसे आगाऊ. मुलगा नम्र होता, त्याचा काही दोष नाही. मग मी विजापूर रोडच्या आमच्या नेहमीच्या वायरमनकडे गेलो. पत्र्याची शेड, पुढे बॅटऱ्यांची रांग, ॲसिडचा नाकात बसणारा वास. माणूस पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारा. मी त्याला अण्णा म्हणतो, तो मला सर. त्याने डिकी उघडून कान लावला, दोनदा रेडिओ लावायला-बंद करायला सांगितला आणि म्हणाला, "सर, कापून टाकू. वरनं रबरी बूच मारतो, पाणी जायचं नाही आत. येवढ्यासाठी कशाला पैसे घालायलाव? पेनड्राइव्ह लावा की, आता रेडू कोण ऐकायलंय?"

मी ऐकतो, असं त्याच्यापुढे म्हणवेना. पण ऐकतो. सकाळी कॉलेजला जाताना आकाशवाणी सोलापूर लागलेलं असतं. शेतीचा कार्यक्रम, कांद्याचा भाव, ज्वारीवरच्या कसल्याशा किडीवर फवारायचं औषध. माझ्याकडे एक गुंठा जमीन नाही. तरी मार्केट यार्डात कांदा काय दराने गेला हे कळलं की दिवसाला काहीतरी बूड आल्यासारखं वाटतं. शिवाय रेडिओचं माझं नातं जुनं, गाडीच्याही आधीचं. आम्ही पूर्व भागात, अशोक चौकाजवळच्या एका वाड्यात भाड्याने राहायचो. वाड्याच्या गच्चीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची, तिला सगळे एरियल म्हणत, आणि तिच्यातून निघालेली वायर खिडकीच्या फटीतून आत येऊन रेडिओच्या पाठीत खोचलेली. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा फार लांब जात नाहीत, पण रात्री आकाशात वरून परततात आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं ऐकू येतात. सोलापूरसारख्या तिन्ही भाषांच्या सीमेवरच्या गावात रात्री नऊ-दहाला याचा काय गोंधळ होत असेल! खालच्या खोलीत हैदराबादचं तेलुगू नाटक. समोरच्या म्हाताऱ्या आजींकडे धारवाड, नाहीतर गुलबर्गा. त्यांना झोप लागेपर्यंत कानडी भजनं. आमच्याकडे पुणे. आणि या सगळ्याच्या खाली, मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचं खटखट, जे रात्रभर थांबायचं नाही. सकाळी मात्र सगळ्या वाड्यात सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या. त्या सुरू झाल्या की आई म्हणायची, "उठा, बातम्या लागल्या," म्हणजे नळाचं पाणी जायची वेळ झाली.

तर बूच मारायचं नाही हे ठरलं. मोटर चालते, काडी मोडलीय, मग काडीच बदलावी. मोबाईलवर शोधलं तर काडी सुटी मिळत होती, तिच्या बुडाला नायलॉनची दातेरी दोरी जोडलेली. ९७० रुपये, घरपोच. मी मागवून टाकली. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला आनंद म्हणता येईल, पण त्यात थोडा माज होता. सात हजार आठशे सांगणाऱ्याला काय माहीत?

काडी लांब पाकिटात आली, तेव्हा आधी तिची पट्टीने लांबी मोजली. पूर्ण उघडली की पाऊण मीटरच्या आसपास. ही लांबी काही शोभेची नसते. एफएमची केंद्रं ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये असतात, म्हणजे लहरीची लांबी साधारण ३ मीटर, आणि चांगलं पकडायला काडी तिच्या पाव हिश्शाची लागते, ७५ सेंटीमीटर. मीडियम वेव्हची लहर शेकडो मीटर लांब. तिच्या पाव हिश्शाची काडी गाडीला लावायची तर सिद्धेश्वर मंदिराच्या कळसाच्या वर जाईल. म्हणून एएमला, म्हणजे मीडियम वेव्हला, ही काडी तोकडीच पडते आणि रेडिओ जे मिळेल त्यावर भागवतो. त्यामुळेच जुन्या गाड्यांत एएम लावलं की एंजिनाचाही आवाज रेडिओतून यायचा. ॲक्सिलरेटर दाबाल तसा टिकटिक वाढायची, कारण प्रत्येक प्लगची ठिणगी हीसुद्धा एक छोटीशी प्रक्षेपणच. पूर्वी वायरमन लोक अँटेना बसवताना भोकाच्या खालून रंग खरवडून पत्रा उघडा करायचे. अर्थिंग नीट लागलं नाही तर खरखर जात नाही. आणि खरवडलेल्या जागी चार पावसाळ्यांनी गंज यायचा. हे सगळं मला अण्णाने सांगितलेलं.

रविवारी सकाळी सातला सुरुवात केली. एप्रिलात सोलापुरात नऊनंतर पत्र्याला हात लावायची सोय नसते. गाडी भिंतीच्या सावलीत, डिकी रिकामी, आतलं कापड क्लिपा काढून बाजूला. जुन्या काडीची दोरी आत तुटलेली होती, त्यामुळे नुसता रेडिओ लावून ती बाहेर पडणार नव्हती. मोटरच उतरवावी लागली. १० नंबरच्या पान्याने दोन बोल्ट, एक अर्थिंगची वायर, एक रबरी नळी. ही नळी महत्त्वाची. काडीच्या भोकातून पावसाचं पाणी आत येणारच, ते या नळीतून खाली सांडतं. ती तुंबली की पाणी मोटरमध्ये साचतं आणि मग खरंच पूर्ण सेट घ्यावा लागतो. आमच्या नळीत काळ्या मातीची वडी झाली होती. तार घालून मोकळी केली, फुंकर मारली, तोंडात माती आली. मोटरच्या बाजूचं गोल झाकण उघडलं तर आत काळं पडलेलं ग्रीस आणि त्यात दातेरी नायलॉनचे, अगदी मोडलेल्या चकलीसारखे, तुकडे. सगळे वेचले, रॉकेल नव्हतं म्हणून पेट्रोलच्या बोळ्याने पुसलं, दात्याच्या चाकावर थोडं नवं ग्रीस लावलं. काडीच्या नळ्यांना मात्र ग्रीस लावायचं नसतं. धूळ धरते आणि पुढच्या उन्हाळ्यात परत अडकते. कोरड्या फडक्याने पुसायची, बस्स.

काम सांगायला सोपं आहे. मोटर परत बसवायची, वरच्या चकचकीत नटाला नोज प्लायरने, फडकं गुंडाळून, हलक्या हाताने सोडवायचं, नवीन दोरी वरून भोकात सोडत न्यायची. दाते चाकाच्या बाजूला यायला हवेत. ते कुठल्या बाजूला होते याची खडूने पत्र्यावर आधीच खूण केली होती. दोरी चाकाला टेकली की रेडिओ बंद करायचा. बंद केल्यावर मोटरला वाटतं आता काडी आत घ्यायचीय आणि ती दोरी ओढून घेते. म्हणजे या कामाला दोन माणसं लागतात, एक मागे दोरी धरायला आणि एक पुढे बटणापाशी. बायको पुढे बसली, पाय दाराबाहेर, हातात चहाचा कप.

"लाव," मी मागून ओरडलो. रेडिओ लागला, मोटर फिरली. मी दोरी सरकवत नेली.

"आता बंद कर."

काही नाही.

"अगं, बंद कर ना!"

"अहो, थांबा की. किती दिवसांनी लागलंय हे गाणं."

खरं तर काडीशिवायही रेडिओ लागत होता. आतली वायरच अर्धवट एरियलचं काम करत असावी. गाणं संपेपर्यंत मी उन्हाकडे सरकत चाललेल्या सावलीत दोरी धरून उभा होतो. मग तिने बटण दाबलं, मोटर फिरली आणि दोरी माझ्या बोटांतून एकदम हिसका देऊन आत जायला लागली. त्या क्षणाबद्दल मला काही सांगता येत नाही. हातातली वस्तू यंत्राने आपणहून ओढून घेणं, दात्यात दात पकडला गेल्याचा तो बारीक धक्का, एकापाठोपाठ एक नळ्या आत गेल्या आणि शेवटचं बोंडूक पत्र्याशी टेकून टक्‌ वाजलं. नट आवळला. परत लाव, परत बंद कर. वर, खाली. गल्लीतली पोरं आता मोठी होऊन कोचिंग क्लासला गेली होती. बघायला समोरचे रिटायर्ड काका तेवढे होते. "चला, झालं का चालू?" एवढं म्हणून ते पेपरात शिरले. मला चालण्यासारखं होतं. मला आणखीही कुणी नसतं तरी चाललं असतं.

आता ते वाचलेले पैसे. बारावीच्या अर्थशास्त्रात राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा आहे. त्यात गृहिणीचं काम मोजत नाहीत हे शिकवावं लागतं, कारण त्याचा मोबदला दिला जात नाही. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचं जुनं उदाहरण आहे, ते मी वर्गात नेहमी देतो. एखाद्याने पगारावर ठेवलेल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केलं, तर ती तेच काम करत राहते आणि देशाचं उत्पन्न मात्र घटतं. पोरं हसतात, मुली हसत नाहीत. माझ्या रविवारचंही तेच झालं होतं. काम झालं, गाडीला काडी आली, पण बाजारात काहीच घडलं नाही, फक्त ९७० रुपये आणि एक पाकीट. मग ते बाकीचे पैसे, जे मी वाचले म्हणत होतो, ते नक्की कुणाचे वाचले? सात हजार आठशे तर मी कुणालाच देणार नव्हतो. तो आकडा मला फुशारकीसाठी उपयोगी होता. खरोखर वाचली ती अण्णाची मजुरी. काडी घेऊन त्याच्याकडे गेलो असतो तर त्याने चार-पाचशे घेतले असते. तासाभराचं काम. म्हणजे हिशेब नीट मांडला तर मी पाचशे रुपये वाचवले, आणि ते ज्याचे होते त्याला ते मिळाले नाहीत एवढंच.

या विचाराची मला लाज वाटली असं नाही. पण आप्पा आठवले.

आप्पा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये फिटर होते, मागखात्यात. धोटा कुठे घासतो, फणी कुठे वाकली, हे आवाजावरून सांगायचे. पैशाला इतके घट्ट की सायकलला पंक्चर स्वतः काढायचे, चपलेला टाका स्वतः घालायचे, स्टोव्हच्या पिना सरळ करून परत वापरायचे. पण घरातला फ्यूज गेला तर ते हात लावायचे नाहीत. मे महिन्यातली रात्र, सगळं घर घामाने थबथबलेलं, पंखा बंद. तार कशी घालायची हे त्यांना माहीत होतं, खिशात पिळलेली तारही असायची. तरी टॉर्च घेऊन खाली जायचे आणि वाड्यातच राहणाऱ्या मिलच्या वायरमनला उठवून आणायचे. तो बनियनवर, डोळे चोळत यायचा, एका मिनिटाचं काम, मग दोघं ओट्यावर बसून त्या उकाड्यात चहा प्यायचे. आई चिडायची. "तुम्हाला येत नाही होय?" आप्पा म्हणायचे, "त्याचं काम आहे ते." मिलमध्ये तसंच होतं. फिटरने बोर्डाला हात लावायचा नाही, वायरमनने मागाला लावायचा नाही. ज्याच्या नावावर जे काम, ते त्याचं. लहानपणी मला वाटायचं की हा नियम सुरक्षिततेसाठी असेल. असेलही.

नव्वदच्या दशकात मिलचा भोंगा थांबला. शहरात घड्याळं होती, तरी पुष्कळ दिवस लोकांची वेळ चुकायची. आप्पा एका कारखानदाराकडे टॉवेलच्या मागांवर लागले, निम्म्याहून कमी पैशात. खालचा वायरमन घरोघर फिटिंगची कामं शोधत फिरायला लागला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा फ्यूज गेला. आप्पा नेहमीसारखे त्याला घेऊन आले. काम झालं, चहा झाला. आणि तो उठताना आप्पांनी त्याच्या बनियनच्या आत, खांद्याशी, दहाची नोट खोचली. तो इतका कानकोंडा झाला की नोट काढून परत द्यायला लागला. आप्पांनी त्याचा हात धरला, "आता घ्यायला पाहिजे," एवढंच म्हणाले. दहा रुपये तेव्हा आम्हालाही जड होते. आई आतून बघत होती, तिने एक शब्द काढला नाही. मी कॉलेजात होतो, जमा-नावे शिकत होतो, आणि मला वाटलं की या माणसाला हिशेब कळत नाही.

पण म्हणून मी गाडी अण्णाकडे न्यायला हवी होती असंही मला वाटत नाही. त्याने तर बूच मारायला सांगितलं होतं. त्याला ते काम नकोच होतं. त्याच्या दृष्टीने ते वेळखाऊ आणि कटकटीचं, त्यापेक्षा दोन बॅटऱ्या चार्जिंगला लावणं परवडतं. आणि आप्पांचा नियम पाळायचा तर मी मुलांना स्टेपलरमधली पिनही बदलून देता कामा नये. शिवाय तो हिसका, दोरी बोटांतून आत जातानाचा, तो मला कुणी पाचशे रुपयांना विकला असता का? त्या सकाळी मी जे मिळवलं ते पैसे नव्हतेच, हे खरं तर मला काडी मागवतानाच कळायला हवं होतं. मी मात्र त्याला बचतीचं नाव दिलं, कारण त्या नावाने काहीही केलं तरी घरात खपतं. पन्नाशीच्या माणसाने रविवारी सकाळी डिकीत डोकं घालून मजा केली, असं म्हणण्यापेक्षा सात हजार वाचवले म्हणणं बरं दिसतं.

पुढे हेडलाइटचा एक बल्ब गेला म्हणून अण्णाकडे जावं लागलं. बल्ब मला बदलता येतो. तरी गेलो. रेडिओ चालूच होता, काडी उभी. त्याने बल्ब घातला, हात पुसले आणि मागे जाऊन काडीकडे बघत उभा राहिला. नटाभोवती बोट फिरवलं, ओरखडा आहे का बघितलं.

"कुठनं करून आणलाव, सर?"

"मीच बसवली."

"मोटर उतरिवलाव?"

"उतरवली. नळी तुंबली होती."

तो खाली वाकला, नळीतून पाणी कुठे पडतं ती जागा बघितली, उठला. चांगलं झालंय असं काही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला की पूर्वी तो रोज दोन-तीन गाड्यांना कारटेप आणि एरियल बसवायचा. फियाट, ॲम्बेसेडर, मारुती. नव्या कोऱ्या गाडीच्या पत्र्याला ड्रिल लावायचा म्हणजे मालक शेजारी उभा राहून घाम पुसायचा. "आमी भोक पाडायचो, तुमी बुजवायला तयार न्हाई झालाव," म्हणून तो मोठ्याने हसला. मी बल्बचे पैसे विचारले. त्याने बल्बचे सांगितले, मजुरी धरली नाही. मी वर पन्नास दिले. त्याने ते न बघता गल्ल्यात टाकले. आप्पांनी खोचलेल्या नोटेपुढे माझे पन्नास कुठेच लागत नाहीत, हे मला तिथेच जाणवलं. कुणी कानकोंडं झालं नाही, कुणाला जड गेलं नाही.

परवा त्याचा फोन आला. अक्कलकोटचं एक गिऱ्हाईक आलंय, आपल्यासारखीच गाडी, काडी वाकलीय, आणि माणूस हट्टी आहे, बूच नको म्हणतोय. "तुमी काडी कुठनं मागिवलाव तेवडं सांगा." मी म्हटलं, माझ्या मोबाईलवरून मागवून देतो, तुम्ही बसवा. दाते कुठल्या बाजूला येतात तेही सांगायला लागलो. "सर, त्ये मला ठाव हाय," तो म्हणाला, आणि मी गप्प बसलो. मग त्याने हिशेब मांडला. मजुरी त्याची सहाशे. काडी माझ्याकडून. तर काडीचे किती द्यायचे, आणि त्यात माझे किती धरायचे?

"माझे काही नाहीत. नऊशे सत्तरला पडते, तेवढेच द्या."

"नऊशे सत्तर?" फोनवर थोडा वेळ नुसता कंप्रेसरचा आवाज येत राहिला. "साडेनऊशे करा की."